वेखंड: अंगाला लावू, पण तान्ह्या बाळाच्या तोंडात नको



पावसाळा लागला की आपल्या मावळात बाळंतिणीच्या खोलीला एक ठरलेला वास असतो. ओली लंगोटी, शेगडीतले निखारे, ओवा आणि वेखंड. लोणावळ्याच्या बाजूला तर आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, कपडे वाळत नाहीत. बाळाला सर्दी होऊ नये म्हणून घरातली जाणती बाई डबीतून वेखंडाची पूड काढते. थोडी टाळूला, थोडी छातीला, थोडी तळपायाला. ही डबी आपल्यापैकी बहुतेकींच्या घरात आहे. शिवाय घुटीच्या सामानात वेखंडाचा तुकडा असतोच. इतकी रोजची वस्तू, पण तिच्याबद्दल आपण नीट बोलत नाही, म्हणून आजचा सगळा वेळ वेखंडाला.

आधी झाडाची ओळख करून घेऊ. वेखंड हे पाणथळ जागेचे झाड. विहिरीच्या थारोळ्याशेजारी, ओढ्याच्या कडेला, भातखाचरासारख्या चिखलात ते खूश असते. पाने लांब, तलवारीच्या पात्यासारखी, मधोमध उठून दिसणारी शीर. फूल क्वचित येते. लांबून बघितले तर तळ्यातल्या पाणकणसाच्या कोवळ्या रोपासारखे वाटेल, पण फसायचे कारण नाही. पान चुरगळून नाकाशी धरा. वेखंड असेल तर उग्र, मसाल्यासारखा गोडसर वास येतो. पाणकणसाला असा वास नाही.

आपण वेखंडाची मुळी म्हणतो, पण खरे तर ते मूळ नव्हे. हळद-आल्यासारखे जमिनीत आडवे पसरणारे ते खोड आहे. त्यावर पेरे असतात आणि पेराखालून बारीक मुळ्या फुटतात. संस्कृतात त्याला वचा म्हणतात. उग्रगंधा आणि षड्ग्रंथा हीसुद्धा त्याचीच नावे. पहिले नाव वासावरून पडले, दुसरे पेरांवरून.

औषध म्हणून वेखंडाला मोठा मान आहे. चरकसंहितेत औषधांचे जे गट केले आहेत त्यांत शुद्धीवर आणणाऱ्या औषधांत वचा आहे, मूळव्याधीवरच्या औषधांत आहे, अंगातला मेद खरवडून काढणाऱ्या औषधांतही आहे. बुद्धीसाठी देतात त्या सारस्वत चूर्णात वचा असते. वैद्य ती पोटफुगीला, कफाला, मेंदूच्या काही विकारांना वापरतात. हे सगळे खरे. पण त्याच शास्त्रात आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे, जी घराघरांत पोचलीच नाही. वचा जास्त झाली की उलटी करवते. वैद्य वमन करवतात तेव्हा तिचा मुद्दाम तसा उपयोग करतात. भारत सरकारच्या आयुर्वेदिक औषधकोशात वेखंडाच्या चूर्णाची मात्रा ६० ते १२० मिलिग्रॅम दिली आहे, आणि उलटी करवायची असेल तर १ ते २ ग्रॅम.

हे आकडे कागदावरचे वाटतील, म्हणून स्वयंपाकघरात आणू. चहाचा चमचा सपाट भरून पूड घेतली तर ती दोन-तीन ग्रॅम सहज भरते. म्हणजे ती उलटीच्या मात्रेच्याही वर गेली. आणि दोन बोटांत धरलेली चिमूट? ती हातागणिक बदलते, पण १२० मिलिग्रॅमच्या पुढे जायला तिला वेळ लागत नाही. ही मात्रा मोठ्या माणसाची आहे, हेही लक्षात ठेवा. तीन किलोच्या बाळाची नव्हे.

आता घुटीकडे येऊ. आम्ही गटाच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एक आजी पटकन म्हणाल्या, "बायांनो, माझी पाच पोरं घुटीवर वाढली. काय झालं त्यांना? आता तुम्ही नवीनच काढलंत." आजींचा प्रश्न रास्त आहे. त्याला उडवून लावणे आम्हांला पटत नाही, म्हणून त्यांनाच विचारले, "आजी, तुम्ही घुटी उगाळायच्या कशी?" त्यांनी हाताने करून दाखवली. सहाणेवर थोडे दूध, मग एकेक वस्तू घेऊन उगाळायची. मुरडशेंग, हिरडा, बेहडा, हळकुंड, सुंठ, जायफळ, काकडशिंगी, सागरगोटा, बदाम, खारीक. प्रत्येकाचे वेढे ठरलेले. बदाम-खारकेचे वेढे जास्त, जायफळाचा एखादाच. "आणि वेखंडाचा?" "त्याचा अर्धा वेढा. जास्त झाला तर पोर ओकतं."

बघा, आजींना ते माहीत होते. औषधकोशात जे मिलिग्रॅममध्ये लिहिले आहे ते त्यांच्या हातात होते. सुकलेला कडक तुकडा सहाणेवर अर्धा वेळ फिरवला तर किती उतरेल? नखावर मावेल इतकेही नाही. जुन्या घुटीत वेखंडाचे प्रमाण धाकात राहायचे ते या अर्ध्या वेढ्यामुळे.

आज काय झाले आहे? सहाण माळ्यावर गेली. बाजारात वेखंडाची तयार पूड मिळते, घुटीची तयार पूडही मिळते. सुनेला कोणी वेढे शिकवले नाहीत, पण "बाळाला वेखंड द्यावं" एवढे वाक्य मात्र तिच्यापर्यंत पोचले. मग ती मधात चिमूटभर पूड कालवते आणि बोटाने चाटवते. आजीच्या अर्ध्या वेढ्याच्या कितीतरी पट वेखंड एका वेळी पोटात जाते. नाव तेच, रीत बदलली, आणि रीतीबरोबर मात्राही बदलली. वर मध आला. मधातून काही वेळा असे जंतू जातात की एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि बाळाचे अंग लुळे पडते. एक वर्षाच्या आत मध चाटवायचाच नाही, हे सगळ्या बालरोगतज्ज्ञांचे सांगणे आहे.

वेखंडात नेमके काय असते तेही सांगतो. त्याच्या तेलात बीटा-असारोन नावाचे द्रव्य असते. जगात वेखंडाचे वेगवेगळे प्रकार आहेत. अमेरिकेतल्या मूळच्या वेखंडात हे द्रव्य जवळजवळ नसतेच, युरोपातल्या वेखंडात थोडे असते, आणि आपल्या भारतातल्या वेखंडात पुष्कळ असते. १९६० च्या दशकात जम्मूकडच्या वेखंडाचे तेल उंदरांना दीर्घकाळ खायला घालून पाहिले, तेव्हा त्यांच्या आतड्यात गाठी झाल्या. त्यानंतर १९६८ साली अमेरिकेने खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालायला बंदी केली. यावरून लगेच "वेखंडाने कॅन्सर होतो" अशी बातमी कोणी गावात पसरवू नका. तो प्रयोग उंदरांवरचा होता, तेल काढून भरपूर मात्रेत दिले होते. पण असे द्रव्य पचवून बाहेर टाकायचे काम यकृत करते, आणि तान्ह्या बाळाचे यकृत अजून कच्चे असते. मोठ्याला जे निभावते ते बाळाला निभावेल असे धरून चालता येत नाही.

जास्त वेखंड पोटात गेले तर पहिली खूण उलटी. एकदोन नव्हे, थांबता थांबत नाहीत अशा उलट्या, कधी कधी कित्येक तास. बाळ सुस्तावते, दूध ओढत नाही. तान्ह्याच्या अंगातले पाणी किती पटकन कमी होते हे तुम्हांला सांगायला नको. असे झाले तर घरी दुसरा उतारा शोधत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ दवाखाना गाठा, आणि जी पूड दिली तिची पुडी बरोबर न्या. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. काय पोटात गेले ते कळले तरच उपचार लवकर होतो.

आजींच्या प्रश्नाचे आणखी एक उत्तर आहे, ते जरा कडू आहे. आपण जी जगली वाढली ती मुले मोजतो. त्या काळी प्रत्येक घरात एखाददुसरे मूल हगवणीने, आकडीने गेलेले असायचे, आणि ते कशाने गेले हे कोणी तपासत नव्हते. घुटीनेच गेले असे आम्ही म्हणत नाही. पण सहाण, न उकळलेले पाणी, बोटे, उघडी वाटी यांतून जंतू पोटात जातात, ही गोष्ट पक्की आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या विहिरींचे, झऱ्यांचे पाणी कसे गढूळ होते ते आपण बघतोच. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि आपले सरकार दोघेही सांगतात: पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. घुटी नाही, पाणी नाही, ग्राइप वॉटर नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध वा थेंब तेवढे चालतात. दूध कमी पडते अशी शंका असेल तर आशाताईला बोलवा. बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत तिने घरी येऊन बघायचे ठरलेलेच आहे. वजन वाढते आहे, दिवसाला सहा-सात वेळा लघवी होते आहे, तर दूध पुरते आहे.

मग रडणाऱ्या बाळाचे काय करायचे? कारण घुटीचा हात पुढे येतो तो बहुतेक वेळा संध्याकाळी, बाळ कळवळून रडते तेव्हा. दीड महिन्याच्या आसपास हे रडणे सगळ्यांत जास्त असते आणि तीन-चार महिन्यांनी आपोआप ओसरते. तोवर पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा. पोटावर कोमट हाताने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गोल चोळा. पाय गुडघ्यात दुमडून पोटाशी न्या. आपल्या हातावर पालथे घेऊन हिंडवा. हे काम सासूबाई फार छान करतात, त्यांच्याकडे द्या! घुटी उगाळायचा त्यांचा मान गेला असे त्यांना वाटू नये, याची काळजी घरातल्या सगळ्यांनी घ्यायची आहे. बाळाला ताप असेल, श्वास मिनिटाला साठापेक्षा जास्त असेल, छाती आत ओढली जात असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, बाळ दूध ओढत नसेल किंवा आकडी आली असेल, तर तो पोटदुखीचा विषय नाही. तेव्हा एक तासही घरी घालवू नका.

सहा महिन्यांनंतर घुटी द्यायची का, हे ज्याने आयुर्वेद शिकला आहे अशा वैद्याला विचारा. ते वेखंड शुद्ध करून, बाळाचे वजन बघून मात्रा ठरवतात. पोटुशी बाईने वेखंड पोटातून घेऊ नये, आणि बाळंतिणीनेही वैद्याला विचारल्याशिवाय नको.

आता एका गोष्टीवर आम्हांला जरा जास्त वेळ द्यायचा आहे. मूल लवकर बोलत नसेल तर जिभेला वेखंड चोळायची आपल्याकडे पद्धत आहे. नावच वचा, म्हणून वाचा फुटते असा समज. दोन वर्षे झाली, अडीच झाली, मूल नुसते खुणा करते, आणि घरचे म्हणतात, "याचा बापही उशिराच बोलला, वेखंड चालू ठेव." मैत्रिणींनो, बोलायला आधी ऐकू यावे लागते. ज्या मुलाला ऐकू येत नाही त्याच्या जिभेला जगातली कुठलीही मुळी चोळली तरी शब्द येणार नाही. आणि ऐकण्याचा दोष जितका लवकर सापडेल तितके मूल बोलायला शिकण्याची शक्यता जास्त. मेंदूचे भाषा शिकण्याचे दिवस पहिल्या तीन-चार वर्षांतले असतात, ते परत येत नाहीत. वेखंडाने इथे अपाय होतो तो असा, की आपण वाट बघत राहतो.

म्हणून खूण लक्षात ठेवा. सहा महिन्यांचे बाळ पाठीमागून हाक मारल्यावर मान वळवत नाही, वर्षाचे झाले तरी "बाबा-मामा" असे आवाज काढत नाही, दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडत नाही, तर अंगणवाडीत सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी करायला येते. २०१३ पासून हा कार्यक्रम चालू आहे आणि ऐकण्याचा दोष त्यात तपासतात. पुढचे उपचारही त्यातून मोफत होतात. पथकाच्या फेरीची वाट बघायची नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन मोठ्या रुग्णालयात कान तपासून घ्या. आकडी आलेल्या माणसाच्या नाकात वेखंड फुंकतात, तेही बंद करा. त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका.

एवढे वाचून कोणी वेखंडाची डबी उकिरड्यावर टाकू नये. बाहेरून लावायला वेखंड चांगलेच आहे. सर्दीने डोके जड झाले तर मोठ्या माणसाच्या कपाळाला वेखंड-सुंठीचा पातळ लेप लावा. आग व्हायला लागली की लगेच धुवा. बाळाला लावायचे तर पूड वस्त्रगाळ हवी आणि ती बाळाच्या अंगावर भुरभुरायची नाही. आपल्या तळहातावर, बाळापासून दूर घ्या, दोन्ही हात चोळा आणि मग तळपायाला, पाठीला हलका हात फिरवा. उडालेली पूड श्वासातून छातीत गेली तर बाळ गुदमरते. कातडी लाल झाली तर पुन्हा लावू नका. धुरीबद्दल मात्र आम्ही स्पष्ट नको म्हणतो. पावसात दारे-खिडक्या बंद असतात, त्यात शेगडी. कोळशाच्या शेगडीतून वास नसलेला विषारी वायू निघतो, झोपेत माणूस उठत नाही. लंगोटी वाळवायला शेगडी ठेवलीत तर आई-बाळ दुसऱ्या खोलीत आणि खिडकी उघडी. खोकल्यावर दाढेखाली वेखंडाचा तुकडा धरायची सवय असेल तर त्याऐवजी ज्येष्ठमध धरा, चवही बरी.

वेखंडाचा आणखी एक गुण आपल्या शेतीच्या कामाचा आहे. बीटा-असारोनमुळे किड्यांची अंडी घालायची शक्ती खुंटते. जुन्या पोथ्यांच्या बासनात आणि शालूच्या पेटीत वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवायचे ते यासाठीच. भात काढल्यावर आपण हरभरा, मसूर, वाल करतो आणि पुढच्या वर्षाचे बी ठेवतो. त्याला भुंगा लागतो. बी कडक उन्हात वाळवा, किलोला साधारण दहा ग्रॅम वेखंडाची पूड चोळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्यावर "बियाणे, खायचे नाही" असे मोठ्या अक्षरात लिहा. खायच्या डाळीला ही पूड लावू नका.

विकत घेताना पूड न घेता अख्खा तुकडा घ्या. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. पेरे स्पष्ट दिसली पाहिजेत, मोडल्यावर आतून फिकट आणि वास नाकात चढणारा. वास मेलेला, बुरशी आलेला तुकडा परत करा. बाळवेखंड म्हणून जे विकतात ती बऱ्याचदा वेगळ्याच झाडाची मुळी असते. नावात बाळ आहे म्हणून ती बाळासाठी सौम्य, असे समजू नका.

आपल्या मावळच्या पाण्यात वेखंड लावायला सोपे आहे. मिरगाच्या सुमाराला डोळा असलेला गड्ड्याचा तुकडा चिखलात दोन इंच खाली, एकेक फुटावर लावायचा. भाताच्या खाचराचा कोपरा किंवा फुटके घमेलेसुद्धा चालते. फक्त पाणी हटू द्यायचे नाही. दहा-बारा महिन्यांत पाने पिवळी पडली की गड्डे काढायचे, धुवायचे, मुळ्या काढायच्या आणि तुकडे सावलीत वाळवायचे. मोरीच्या सांडपाण्यावर किंवा कारखान्यांचे पाणी मिसळते तिथल्या नदीकाठावर मात्र औषधाचे वेखंड लावू नका. हे झाड पाण्यातली घाण शोषून घेते, म्हणून सांडपाणी शुद्ध करायला त्याचा उपयोग करतात. औषधात ती घाण नको. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात शेतकरी वेखंडाचे पीक घेतात, ते ऐकून "एकरी लाखो रुपये" सांगणारे रोपवाले आपल्याकडेही येतात. आधी माल घेणारा कोण आणि भाव काय हे लेखी घ्या, मग रोपे. आमचे मत विचाराल तर सध्या गटाने एक गुंठाही खूप झाला. घरापुरते वेखंड आणि बियाण्यापुरती पूड त्यात निघेल.

ज्यांना लावायला गड्डे हवे असतील त्यांनी मिरगाच्या आधी आपल्या गटाच्या अध्यक्षांकडे नाव द्यावे. पाच-सहा गटांनी मिळून मागवले तर गाडीभाडे वाटून पडेल.